माणशी चौदा आणे: गिरणगावातून सरकारला विचारलेले प्रश्न

लोअर परळ स्थानकाजवळून जाणाऱ्या ना. म. जोशी मार्गाला जुनी माणसे अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. या रस्त्यावरच्या ३२ बी.डी.डी. चाळी आता पुनर्विकासात एकेक करून जमीनदोस्त होत आहेत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक. शंभर वर्षे हा हिशेब बदलला नाही. या चाळी उभ्या राहत असताना एक साधा प्रश्न विचारला गेला होता: हा पैसा कुणाचा, आणि तो खर्च कुणासाठी होतो आहे? पुढची तीस वर्षे हाच प्रश्न भायखळा-परळ पट्ट्यातून निवडून गेलेल्या एका माणसाने निरनिराळ्या सभागृहांत विचारला. कधी जमीनमहसुलाबद्दल, कधी दारूच्या उत्पन्नाबद्दल, कधी सैन्यावरील खर्चाबद्दल आणि अखेरीस थेट परराष्ट्र धोरणाबद्दल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनाकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. विरोधी बाकांवरचे आंबेडकर त्या मानाने कमी वाचले जातात. हा थ्रेड त्यांच्याविषयी.

आरंभ चाळींपासूनच करावा लागतो.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईत घरांची टंचाई पराकोटीला गेली होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे नवे खाते उघडले. बी.डी.डी. हे नाव त्यावरूनच आले. खात्याकडे दोन मोठी कामे होती: बॅक बे येथे समुद्र हटवून जमीन काढणे आणि कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधणे. कर्ज उभारले गेले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसवली गेली. तर्क सरळ होता: कापसावर शहर श्रीमंत झाले, तर कापसानेच कामगाराच्या डोक्यावर छप्पर घालावे.

प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या साडेसोळा हजारांच्या घरात. म्हणजे संकल्पाच्या एक तृतीयांश. बांधकामाचा खर्च इतका फुगला की जकातीची मदत धरूनही भाडे कामगाराला परवडेना, आणि घरटंचाई असलेल्या शहरात नव्या कोऱ्या खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. वरळीच्या काही चाळींचा उपयोग पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात तात्पुरता तुरुंग म्हणून झाला. कामगारांसाठी बांधलेल्या घरात सत्याग्रही कोंडले गेले, हा इतिहासाचा विनोद म्हणावा की हिशेबाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या कारभारावर कायदेमंडळात तुटून पडले ते खुर्शेद फ्रामजी नरिमन. बॅक बे योजनेतील उधळपट्टी त्यांनी इतक्या चिकाटीने उघडी पाडली की १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरिमन निर्दोष सुटले. समुद्रात भर घालण्याच्या कारभारावर टीका करणाऱ्या माणसाचे नाव पुढे समुद्रात भर घालूनच काढलेल्या जमिनीला मिळाले. नरिमन पॉइंट तो हाच.

याच वातावरणात, फेब्रुवारी १९२७ मध्ये, आंबेडकर मुंबई कायदेमंडळात आले. ते निवडून आले नव्हते, गव्हर्नरांनी त्यांना नियुक्त केले होते. सरकारनियुक्त सभासदाने सरकारची री ओढावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असे. ज्यांचे नाव डिलाईल रोडला मिळाले ते नारायण मल्हार जोशी दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसत आणि तेही सरकारला सोडत नसत. आंबेडकरांनी तोच मार्ग धरला.

त्या वेळी ते परळच्या पोयबावाडीत राहत होते. बी.आय.टी. चाळ क्रमांक १, खोल्या ५० आणि ५१. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ने बांधलेली ही चाळ. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या, रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ, हे सारे पाठीशी असलेला माणूस चाळीतल्या दोन खोल्यांत संसार करीत होता. अंदाजपत्रकावर बोलायला तो उभा राहिला तेव्हा त्याच्याजवळ आकडेही होते आणि त्या आकड्यांखाली दबलेल्या माणसांचा शेजारही.

२४ फेब्रुवारी १९२७ चे त्यांचे अंदाजपत्रकावरील भाषण समजण्यासाठी त्या काळची करव्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. १९१९ च्या सुधारणांनंतर उत्पन्नाची साधने केंद्र आणि प्रांत यांच्यात वाटली गेली होती. प्राप्तिकर आणि सीमाशुल्क दिल्लीकडे गेले, जमीनमहसूल आणि अबकारी प्रांतांकडे राहिले. मुंबईच्या पेढ्या आणि गिरण्या जो प्राप्तिकर भरत, त्यातला फार थोडा मुंबई सरकारच्या वाट्याला येई. शिक्षण, आरोग्य, रस्ते ही लोकांच्या रोजच्या जगण्याची खाती मात्र प्रांताकडे. म्हणजे गावची शाळा चालवायची ती शेतकऱ्याच्या साऱ्यावर आणि दारूच्या गुत्त्यावर.

आंबेडकरांनी बोट ठेवले ते नेमके येथे. त्या काळी वर्षाला २,००० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला प्राप्तिकर नव्हता. जमीनमहसुलाला मात्र अशी किमान मर्यादाच नव्हती. एक एकर असो की हजार एकर, पीक आलेले असो की बुडालेले, सारा भरायचाच. व्यापारी किंवा वकील यांच्याकडून कर घेताना राज्य आधी त्यांची ऐपत पाहते, मग शेतकऱ्याच्या बाबतीत ती का पाहत नाही? प्रश्न करुणेचा नव्हता, करशास्त्राचा होता. कर देण्याच्या ऐपतीचे तत्त्व एका वर्गाला लागू होते आणि दुसऱ्याला नाही, ही विसंगती होती. महसूल खात्याजवळ परंपरेखेरीज तिचे समर्थन नव्हते.

सुमारे दोन आठवड्यांनी, १२ मार्च रोजी, ते शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत बोलले. येथे त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. सरकार शिक्षणावर दर माणशी चौदा आणे खर्च करते आणि त्याच माणसाकडून अबकारीच्या रूपाने दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणाच्या रूपाने परत करा, एवढीच त्यांची मागणी होती. सोळा आण्यांचा रुपया हे आजच्या वाचकाला आठवावे लागेल. चौदा आणे म्हणजे पुरता एक रुपयाही नव्हे.

तारखांकडे जरा लक्ष द्यावे. १२ मार्चला हे भाषण झाले आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. शालेय पुस्तकांत महाड असते, कायदेमंडळातील ते भाषण नसते. त्यामुळे एकाच महिन्यात एकाच माणसाने लढवलेल्या दोन आघाड्या आपल्या मनात दोन वेगळ्या कप्प्यांत जाऊन बसतात. तळे सार्वजनिक पैशातून राखले जाते, मग त्याचे पाणी सर्वांना का नाही? शाळा सार्वजनिक पैशातून चालते, मग त्या पैशाचा भार आणि लाभ वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला का? दोन्ही ठिकाणी प्रश्न एकाच घराण्यातला आहे.

विरोध केवळ सरकारलाच होता असे समजणे चूक ठरेल. १९२८ मध्ये गिरणगावात सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. त्यातूनच गिरणी कामगार युनियन नावारूपाला आली आणि श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे तरुण साम्यवादी पुढारी घरोघरी पोचले. आंबेडकरांनी त्या पुढाऱ्यांनाही एक अडचणीचा प्रश्न विचारला. विणकाम खात्यात, म्हणजे जेथे मजुरी सर्वांत चांगली तेथे, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगत, की धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार हाती धरणार नाही. कामगारांची एकजूट जर खरी असेल, तर ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत का नाही? पुढाऱ्यांनी ती पुढे नाइलाजाने घेतली. गिरणीमालक त्यावर म्हणाले की हा काही आमचा नियम नाही. ते अगदी खोटेही नव्हते, आणि हीच गोष्ट जास्त बोचणारी होती.

ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. जातीऐवजी ‘मजूर’ हा शब्द नावात मुद्दाम घेतला होता. जाहीरनाम्यात शेतकरी कुळांचे संरक्षण होते, कामाच्या तासांवर मर्यादा होती, पगारी रजा होती आणि कामगारांना स्वस्त व आरोग्यदायी घरे देण्याचे कलमही होते. घरांचा प्रश्न येथे दानधर्माच्या किंवा शहरसुधारणेच्या भाषेत नाही, तो कामगारकायद्याच्या यादीत आहे. लॉईडसाहेबांच्या योजनेपासूनचा हा मोठा फरक.

फेब्रुवारी १९३७ ची निवडणूक आंबेडकरांनी भायखळा-परळ भागातून लढवली. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले पी. बाळू यांना, म्हणजे बाळू पालवणकर यांना. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज चर्मकार समाजातील होता आणि एकेकाळी आंबेडकरांनी जाहीर समारंभात त्याचा गौरवही केला होता. लढत चुरशीची झाली. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. स्वतंत्र मजूर पक्षाने राखीव जागांपैकी बहुतेक जिंकल्या आणि काही सर्वसाधारण जागाही घेतल्या. १७५ जणांच्या विधानसभेत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि आंबेडकर विरोधी बाकांवर बसले.

आता सरकार गोऱ्यांचे नव्हते, आपल्या माणसांचे होते. विरोधी पक्षाचे काम येथून खरे अवघड होते. परक्या सत्तेला प्रश्न विचारला की टाळ्या मिळतात, स्वकीयांना विचारला की हेतूवर शंका येते. आंबेडकरांवर ती आलीच. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. डिलाईल रोडच्या चाळींत राहणारा रत्नागिरीचा माणूस दोन ठिकाणी भाडे भरत असे, मुंबईत खोलीचे आणि गावी खोताचे. विधेयक सरकारने रेंगाळत ठेवले. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

१९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. वाद आधी समेटासाठी जाणे सक्तीचे होते आणि तो काळ संपेपर्यंत संप बेकायदा ठरणार होता. १५ सप्टेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी या विधेयकाची कलमवार चिरफाड केली. त्यांचा गाभ्याचा युक्तिवाद असा: माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामी, आणि संप म्हणजे काम नाकारण्याचे स्वातंत्र्य सामुदायिकरीत्या वापरणे. ज्या देशाला स्वातंत्र्याचा हक्क हवा आहे त्याने संपाचा हक्क गुन्हा ठरवू नये. ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. परळच्या कामगार मैदानावर जमनादास मेहतांच्या अध्यक्षतेखाली प्रचंड सभा भरली आणि एकाच व्यासपीठावरून आंबेडकर आणि डांगे बोलले. त्या दिवशी गोळीबारही झाला. तो हुकूम लोकनियुक्त सरकारच्या पोलिसांचा होता, आणि गिरणगाव ते पुढे बराच काळ विसरले नाही.

करांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो १९३९ च्या अंदाजपत्रकात. अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांना मुंबईत दारूबंदी आणायची होती. अबकारीचे उत्पन्न बुडणार, ते भरून काढण्यासाठी शहरातील इमारतींवर त्यांच्या वार्षिक भाडेमूल्याच्या दहा टक्क्यांपर्यंत मालमत्ता कर बसवला गेला. शहरात मोठा गदारोळ झाला. या कराला उच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले, पण न्यायालयाने तो वैध ठरवला. २१ फेब्रुवारी १९३९ च्या भाषणात आंबेडकरांनी सरकारच्या प्राधान्यक्रमावरच हल्ला केला. या प्रांतापुढची सर्वांत निकडीची गरज दारूबंदी आहे की शिक्षण? कोट्यवधींचे उत्पन्न सोडून देण्याइतके सरकार श्रीमंत असेल, तर मग शाळांसाठी पैसा नाही असे ते का सांगते?

येथे एक आक्षेप घेता येतो आणि तो त्या काळी घेतला गेलाही. १९२७ मध्ये दारूच्या उत्पन्नावर बोट ठेवणारा माणूस १९३९ मध्ये दारूबंदीला विरोध करतो, हे कसे? उत्तर चौदा आण्यांच्या हिशेबात आहे. दारूचा पैसा पवित्र की अपवित्र हा त्यांचा प्रश्न कधीच नव्हता. तो पैसा ज्याच्या खिशातून येतो त्याला काय परत मिळते, हा होता. तरीही या भाषणात एक बाजू दुबळी राहिली असे म्हणावे लागते. पगाराच्या दिवशी गुत्त्यावर रिकामा होणारा खिसा ही चाळीतल्या बाईची रोजची व्यथा होती आणि अंदाजपत्रकाच्या रकान्यांत तिला जागा नव्हती. स्त्री-कामगारांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला १९२८ मध्ये ठाम पाठिंबा देणाऱ्या वक्त्याकडून येथे थोडी अधिक अपेक्षा ठेवावीशी वाटते.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, १९४७ नंतर कायदामंत्री. ती नऊ वर्षे सत्तेच्या बाजूची आहेत, म्हणून येथे त्यांना ओलांडून पुढे जाऊ.

२७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये त्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. हिंदू कोड बिलाचे काय झाले हा त्यातला भाग सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातील परराष्ट्र धोरणाचा परिच्छेद मात्र फारसा उद्धृत होत नाही, आणि तो विलक्षण आहे. कारण परराष्ट्र धोरणाची चर्चा आंबेडकर सुरू करतात ती अंदाजपत्रकापासून. देशाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३५० कोटी रुपये, त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. निम्म्याहून अधिक. हा खर्च इतका का? कारण स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सारे जग मित्र होते आणि चार वर्षांत संकटकाळी हाक मारावी असा कुणी उरला नाही. मित्र नसले की सैन्य पोसावे लागते, सैन्य पोसले की इतर खात्यांना पैसा उरत नाही. नैतिक भूमिका घेणाऱ्या धोरणाची किंमत भुकेला माणूस भरतो, असा त्यांचा हिशेब होता.

माणशी चौदा आण्यांचीच ही रीत. फक्त प्रांताच्या जागी देश आला होता आणि गुत्त्याच्या जागी सरहद्द.

काश्मीरसाठी त्यांनी सुचवलेला उपाय फाळणीचा होता: हिंदू व बौद्ध भाग भारताकडे ठेवावा, मुस्लिम भागाचा निर्णय वेगळा होऊ द्यावा. आज हे वाचताना अनेकांना धक्का बसतो, तेव्हाही बसला होता. धर्मावरून प्रदेशाचे वाटप करण्याची ती रीत धर्मनिरपेक्ष राज्याच्या संकल्पनेशी कशी जुळते, हा त्यांना विचारण्याजोगा प्रश्न होता आणि त्याचे पुरेसे उत्तर निवेदनात मिळत नाही.

तीनच महिन्यांनी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. आंबेडकर ‘मुंबई शहर उत्तर’ या द्विसदस्य मतदारसंघात राखीव जागेसाठी उभे राहिले. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता त्यांच्यासोबत होते. काँग्रेसकडून नारायण काजरोळकर, आणि रिंगणात साम्यवादी डांगेही. निकाल लागला तेव्हा काजरोळकरांना १,३८,१३७ मते होती आणि आंबेडकरांना १,२३,५७६.

फरक १४,५६१ मतांचा. बाद झालेल्या मतपत्रिका ७४,००० हून अधिक. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. त्या निवडणुकीत उमेदवारागणिक वेगळी मतपेटी होती. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले की त्यातला एक बाद. एकच मत वापरून दुसरे वाया घालवा असा प्रचार डांगे यांच्या बाजूने झाला, अशी तक्रार करीत आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. १९३८ मध्ये कामगार मैदानावर एका व्यासपीठावर उभे राहिलेले दोन पुढारी चौदा वर्षांनी असे समोरासमोर आले.

आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. धनविधेयकावर राज्यसभेला फक्त शिफारस करता येते, निर्णय लोकसभेचाच. म्हणजे ज्या माणसाचा सारा युक्तिवाद तिजोरीभोवती फिरत होता, त्याला तिजोरीची किल्ली नसलेल्या सभागृहात जागा मिळाली. मे १९५४ मध्ये भंडारा पोटनिवडणुकीतही ते हरले.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर चर्चा झाली. चार महिन्यांपूर्वी, २९ एप्रिलला, भारत आणि चीन यांनी तिबेटविषयक करार केला होता आणि पंचशीलाची तत्त्वे त्यातच प्रथम लिहिली गेली होती. आंबेडकरांनी त्या तत्त्वांची टर उडवली. पंचशील हा बौद्ध धर्माचा शब्द. माओंचा त्यावर विश्वास असता, तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना अशी वागणूक दिली नसती, असे ते म्हणाले. ल्हासा चिनी हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा आपणच आपल्या दाराशी आणून ठेवली, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. आठ वर्षांनी काय घडले ते सर्वज्ञात आहे आणि म्हणून हे भाषण हल्ली भविष्यवाणीसारखे फिरवले जाते. तसे ते वाचू नये. त्याच भाषणात गोव्यासाठी वऱ्हाडचा दाखला आहे: इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड जसे पट्ट्याने घेतले, तसा गोवा पोर्तुगालकडून विकत किंवा पट्ट्याने घेता आला असता. निजाम इंग्रजांचा मांडलिक होता, सालाझार भारताचा नव्हता, हे या तुलनेत सुटते. पाश्चात्त्य गटाशी जवळीक करण्याकडे त्यांचा कल होता, पण अशा गटात शिरल्याने सैन्यखर्च उतरला असता की चढला असता, याचा ताळा त्यांनी मांडला नाही. इतरांकडून हिशेब मागणाऱ्याने येथे आपला हिशेब अर्धा ठेवला.

अकराच दिवसांनी, ६ सप्टेंबर १९५४ रोजी, ते पुन्हा उभे राहिले. चर्चा अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांच्या अहवालावर होती. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, शेतजमीन नसलेल्या माणसाला जमीन मिळाल्याशिवाय त्याची सुटका नाही आणि जमिनीसाठी पैसा लागेल. सरकार म्हणते पैसा नाही. मग आंबेडकरांनी एक साधन सुचवले: मिठावरील कर पुन्हा बसवा.

सभागृहातील प्रतिक्रियेची कल्पना करता येईल. दांडीला चोवीस वर्षे झाली होती आणि मिठावरचा कर १९४७ मध्ये रद्द झाला होता. आंबेडकरांचे म्हणणे असे की हा कर रद्द झाला तेव्हा त्यातून दहा कोटींच्या आसपास उत्पन्न येत होते, माणशी भार जाणवणारही नाही इतका अल्प होता आणि तो रद्द झाल्याने गरिबाच्या पानात काही फरक पडला नाही. हे उत्पन्न अस्पृश्यांच्या वसाहतीसाठी आणि जमिनीसाठी राखून ठेवावे, आणि त्या निधीला नाव द्यावे गांधींचे. त्यांची उपरोधाची धार येथे पूर्ण दिसते, पण सूचना थट्टेची नव्हती. १९२७ मध्ये गरिबावरच्या करांना विरोध करणाऱ्याने १९५४ मध्ये सर्वांत गरिबाच्या पानातल्या वस्तूवर कर मागावा, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. मात्र चौदा आण्यांच्या गणितात ती कोठे बसते तेही पाहावे. येथे घेतलेला पैसा कुणाला परत मिळणार हे आधी लिहून ठेवलेले होते. सरकारने कर बसवला नाही. निधीही झाला नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकरांचे निधन झाले. तीन महिन्यांनी दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली आणि मुंबईवर संयुक्त महाराष्ट्राचे वारे वाहत होते. समितीत साम्यवादी, समाजवादी आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र होते. गिरणगावचा भाग येत असलेल्या ‘मुंबई शहर मध्य’ या द्विसदस्य मतदारसंघातून दोन जण लोकसभेवर निवडून गेले. सर्वसाधारण जागेवर श्रीपाद अमृत डांगे. राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. या खेपेला दोन्ही मतपेट्यांत कागद पडले होते.